रथसप्तमीच्या १०८ नमस्कारांनंतर कंबर धरली आहे. व्यायाम सोडावा की चालू ठेवावा?

माहुलीकर

सर्वांना नमस्कार. माझे वय ४६, नोकरी हिशेबाची, म्हणजे दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत जातात. कॉलेजात असताना मी रोज ५० सूर्यनमस्कार घालत असे. त्या जुन्या भरवशावर, मधली पाच वर्षे जिना चढण्यापलीकडे कसलाही व्यायाम केलेला नसताना, यंदा रथसप्तमीला आमच्या कॉलनीच्या पटांगणात सर्वांबरोबर १०८ घातले. सराव म्हणून आदल्या आठवड्यात तीन दिवस बारा-बारा घातले होते, तेवढेच. त्या दिवशी काहीच झाले नाही. उलट अजून जमते म्हणून आनंद झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी मोजा चढवायला वाकलो आणि कमरेत अशी उसण भरली की मोजा हातात धरून दहा मिनिटे पलंगाच्या कडेला तसाच बसून राहिलो.

चार दिवस आडवा पडलो, गोळ्या घेतल्या, शेकले. आता तीन आठवडे झाले आहेत. चालताना त्रास होत नाही आणि पायात कळ उतरत नाही, पण अर्धा तास बसून उठलो की कंबर सरळ व्हायला वेळ लागतो, आणि सहा नमस्कार घातले तरी संध्याकाळपर्यंत उजवी बाजू ठणकू लागते. मेहुणे म्हणतात की मणक्यात गॅप आली असणार, एमआरआय करून टाका. शेजाऱ्यांनी स्वतःचा जुना पट्टा आणून दिला. आईने तर यापुढे व्यायामाचे नाव काढायचे नाही असे बजावले आहे. थांबावे की पुढे जावे, आणि पुढे जायचे तर सुरुवात कोठून करावी?

अनुलोम

मी फिजिओथेरपिस्ट आहे, परंतु मी तुम्हाला तपासलेले नाही, हे धरून वाचावे. लघवी अडणे, लघवी-शौचावरचा ताबा जाणे, जांघेत व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पायातला जोर कमी होणे, यांपैकी काहीही झाले तर इथले सगळे सल्ले बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसताना घटलेले वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्याचा मार किंवा कूस बदलूनही न थांबणारे रात्रीचे दुखणे असेल, तरीही डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नये.

यांतले काही नसेल तर तुमच्या दुखण्याचा हिशेब तुम्हीच लिहून दिला आहे. एका नमस्कारात पुढे वाकण्याची स्थिती दोनदा येते. म्हणजे एका सकाळी २१६ वेळा पूर्ण वाकणे झाले, आणि तेही पाच वर्षांच्या खंडानंतर. शिवाय वेळ पहाटेची. रात्रभर आडवे राहिल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून तर सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटीमीटरभर जास्त भरते. अशा फुगलेल्या चकत्यांवर वाकण्याचा ताण अधिक पडतो. व्यायाम चुकीचा नव्हता, मात्रा चुकली.

‘गॅप’विषयी थोडे बोलणे भाग आहे. लोक म्हणतात गॅप आली, आणि अहवालात बहुधा लिहिलेले असते की दोन मणक्यांमधले अंतर कमी झाले. तरीही हा शब्द प्रत्येक कंबरदुखीला चिकटतो. कंबर अजिबात दुखत नसलेल्या ३,११० लोकांच्या प्रतिमांचा एकत्रित आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीतल्या सुमारे निम्म्या लोकांची चकती थोडी बाहेर आलेली होती आणि ६८ टक्के लोकांच्या चकत्यांची झीज दिसत होती. तेव्हा आज एमआरआय केलात तर काहीतरी सापडेलच, पण तेच दुखते आहे असे त्यावरून ठरणार नाही. धोक्याचे लक्षण नसेल तर पहिले सहा आठवडे सहसा त्याची गरज पडत नाही. पट्टा परत करावा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पट्टे आणि ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणे) नेहमीच्या उपचारांत वापरू नयेत असेच म्हटले आहे. तुमचे दुखणे अजून जुनाट नाही, पण पट्ट्याबाबत माझे मत तेच आहे.

सहा आठवडे नमस्कार बंद ठेवावेत. रोज सपाटीवर चालावे. त्याखेरीज उताणे झोपून गुडघे दुमडून कंबर उचलणे, रांगण्याच्या स्थितीत उजवा हात आणि डावा पाय एकाच वेळी लांब करणे (मग उलट), आणि कोपर व गुडघ्यावर भार देऊन कुशीवर शरीर तोलणे, हे तीन प्रकार दहा-दहा सेकंद, पाच-सहा वेळा करावेत. करताना दहापैकी तीनपर्यंत दुखले तर चालते. दुसऱ्या सकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त दुखत असेल तर मात्रा निम्मी करावी, व्यायाम बंद करू नये.

जुनी तालीम

मी गेली अनेक वर्षे मुलांना नमस्कार आणि जोर-बैठका शिकवतो. वरच्या प्रतिसादातील बाकी सर्व मान्य आहे, परंतु नमस्कार सहा आठवडे बंद ठेवणे मला पटत नाही. औंध संस्थानचे राजे पंतप्रतिनिधी यांनी ज्या सातारा जिल्ह्यातून नमस्काराचा प्रसार केला त्या जिल्ह्यातला माणूस एकदा नमस्कार सोडतो तो पुढच्या रथसप्तमीलाच आठवतो, हा माझा अनुभव आहे. (माहुलीकर, राग मानू नये.)

तुमचा दोष कोठे आहे ते घरीच पाहता येईल. केरसुणीची किंवा कपडे वाळत घालायची काठी पाठीमागे उभी धरा. ती डोक्याला, दोन खांद्यांच्या मधोमध आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. आता गुडघे किंचित वाकवून, बसायला खुर्ची शोधत असल्यासारखे ढुंगण मागे नेत पुढे झुका. खुर्चीत आयुष्य काढलेल्या माणसाची काठी वीतभर झुकण्याआधीच माकडहाडावरून सुटते, कारण मांड्यांचे मागचे स्नायू आखडलेले असतात आणि खुब्यातून वाकण्याऐवजी तो कमरेतून वाकतो. काठी न सोडता दहा वेळा झुकता येईपर्यंत हेच करावे. त्यानंतर स्वयंपाकाच्या ओट्यावर हात टेकून नमस्कार, मग स्टुलावर, आणि शेवटी जमिनीवर, पण गुडघे वाकवून. तीनपासून सुरुवात करा आणि आठवड्याला दोनापेक्षा जास्त वाढवू नका. वेळ संध्याकाळची ठेवा.

पायवाट

मला व्यायामापेक्षा भीतीवर बोलायचे आहे. बाळंतपणानंतर दोन वर्षांनी मी पुन्हा धावू लागले तेव्हा माझी कंबर अशीच धरली. एका तज्ज्ञांनी अहवाल उजेडासमोर धरून ‘हा मणका साठीच्या बाईचा आहे’ असे सांगितले, आणि त्या एका वाक्यामुळे पुढचे आठ महिने मी पाण्याची बादलीसुद्धा उचलली नाही. या आठ महिन्यांत कंबर सुधारली नाहीच, फक्त आणखी दुबळी झाली.

मला उठवले ते चालण्याने. ऑस्ट्रेलियातील ७०१ लोकांवरचा एक अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चालण्याचा कार्यक्रम आखून दिलेल्या गटात कंबरदुखी पुन्हा उलटेपर्यंत मध्यम हिशेबाने २०८ दिवस गेले, तर काहीच न दिलेल्या गटात ११२. मी मात्र त्याच्या आधीच, घरापासून दूध केंद्रापर्यंत आणि परत, अशी दहा मिनिटांनी सुरुवात केली होती. कॅलेंडरच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहीत असे, किती मिनिटे चालले आणि दुसऱ्या सकाळी किती दुखले. महिनाभराने पाहिले तेव्हा मिनिटे दहावरून पस्तीसवर गेलेली होती आणि दुखण्याचा आकडा चारच्या वर एकदाही गेलेला नव्हता. तोपर्यंत मला कोणी विचारले असते तर मी रोज दुखते असेच सांगितले असते.

माहुलीकर

नऊ आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व. धोक्याचे लक्षण एकही नव्हते. गावातल्या डॉक्टरांनी पाय उचलून, गुडघ्यावर हातोडी मारून तपासले आणि एमआरआय नको म्हणाले. पट्टा परत केला, त्यावर शेजारी थोडे नाराज आहेत. दोन्ही सल्ल्यांच्या मधला मार्ग धरला: तीन आठवडे फक्त चालणे आणि ते तीन प्रकार, सोबत काठी. काठी पहिल्या दिवशी खरोखरच वीतभरात सुटली. चौथ्या आठवड्यापासून ओट्यावर तीन नमस्कार, आता जमिनीवर गुडघे वाकवून नऊ, संध्याकाळी साडेसहाला.

मध्ये एकदा पाच तासांचा एसटी प्रवास झाला आणि दुसऱ्या सकाळी कॅलेंडरवर सहा लिहावे लागले. आईने लगेच ‘मी सांगत होते’ असे म्हटले. मात्रा निम्मी केली, चौथ्या दिवशी आकडा दोनवर आला. मोजे अजून बसूनच घालतो.