दातांतील थरांवरून बिबट्याचे वय ठरवता येईल का?

रानवाट:
अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात काळ्या अस्वलांचे वय एका लहानशा दातातील वलये मोजून ठरवतात, असे वाचनात आले. झाडाच्या खोडाचे समजते, कारण खोड वाढत असते; दात मात्र एकदा आला की वाढत नाही. मग ही वलये येतात कुठून? आणि जुन्नर भागात मृत सापडणाऱ्या बिबट्यांचे वय याच पद्धतीने काढता येईल का? दातांची झीज पाहून सांगितलेले अंदाज मला फार ढोबळ वाटतात.

सूक्ष्मदर्शी:
दाताचा दिसणारा भाग वाढत नाही हे खरे, परंतु मुळावर सिमेंटम नावाचे जे हाडासारखे आवरण असते, त्यावर आयुष्यभर थर चढत राहतात. मिनेसोटातील अस्वले हिवाळ्याचे कित्येक महिने बिळात पडून असतात. त्या काळात थर अगदी सावकाश चढतो आणि रंगवलेल्या कापात गडद रेषेसारखा दिसतो, तर उन्हाळ्यातला थर रुंद आणि फिकट असतो. सुळ्यामागची चिमुकली पहिली उपदाढ अस्वलाच्या विशेष कामाची नसते, म्हणून भूल दिलेल्या जिवंत अस्वलाचीही ती काढता येते. आम्लात ठेवून तिच्यातील क्षार काढतात, मऊ झालेल्या मुळाचे काही मायक्रॉन जाडीचे काप घेऊन रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रेषा मोजतात.

उत्तरध्रुव:
यात एक भर घालतो, कारण मला स्वतःला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. मादी पिल्लांना दूध पाजत असते त्या वर्षीचा थर अरुंद राहतो. पिल्ले सुमारे दीड वर्ष आईबरोबर राहत असल्याने तिची वीण साधारणपणे वर्षाआड होते, आणि म्हणून अरुंद व रुंद थर आलटून पालटून दिसतात. १९९२ साली मिनेसोटातील अभ्यासकांनी दाखवून दिले की या क्रमावरून मादीने कोणत्या वर्षी पिल्ले वाढवली हेही वाचता येते. मात्र म्हाताऱ्या जनावरांत रेषा एकमेकींना चिकटतात आणि मोजलेले वय खऱ्या वयापेक्षा कमी भरण्याचा संभव वाढतो.

सूक्ष्मदर्शी:
बिबट्याबद्दल मी सावध राहीन. दक्षिण आफ्रिकेतील सिंहांच्या दातांतही अशा रेषा आढळल्या आहेत, त्यामुळे उष्ण प्रदेशात त्या नसतातच असे नव्हे. पण आपल्याकडे बर्फाळ हिवाळा नाही, शीतनिद्रा नाही, आणि वर्षाला एकच रेषा पडते हे वय माहीत असलेल्या बिबट्यांवर पडताळल्याशिवाय गृहीत धरणे चूक ठरेल. शिवाय अस्वलाची पिल्ले जानेवारीच्या आसपास जन्मतात, म्हणून मोजणीचा आरंभ ठरलेला असतो. बिबट्याची पिल्ले वर्षभर केव्हाही जन्मू शकतात. त्यापेक्षा सुळ्याचा एक्स-रे आधी काढावा. तरुण जनावराच्या सुळ्यातील पोकळी रुंद असते आणि वयाबरोबर ती अरुंद होत जाते, त्यामुळे निदान पिल्लू, तरुण आणि प्रौढ हे गट तरी झिजेपेक्षा भरवशाने वेगळे करता येतात.

रानवाट:
पुढे कधी थर तपासायचे ठरले, तर दात कसा राखून ठेवावा?

उत्तरध्रुव:
मुळाचे टोक न मोडता काढावा, फार वेळ उकळू नये, आणि प्लास्टिकच्या पिशवीऐवजी कागदी पाकिटात कोरडा ठेवावा. बिबट्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो, तेव्हा दाताला हात लावण्याआधी वनविभागाची लेखी परवानगी घ्यावी लागेल.