वय वाढवा, पण शिडीवरच्या माणसाचा विचार करून
‘साठीतही माणसं ठणठणीत असतात, मग पोलीस आणि अग्निशमन जवानांचं निवृत्तीचं वय वाढवायला काय हरकत?’ हे मला अर्धंच पटतं. तपास, प्रशिक्षण, नियंत्रण कक्ष इथला मुरलेला अनुभव घरी बसवणं नुकसानीचंच. पण आगीत शिरणाऱ्याच्या अंगावर सूट आणि श्वसनयंत्राचं मिळून २० किलोंच्या आसपास ओझं असतं, त्यात बेशुद्ध माणसाला ओढत जिना उतरायचा. अमेरिकेत कामावर दगावणाऱ्या जवानांमध्ये हृदयविकार हे फार मोठं कारण आहे. तिथल्या केंद्र सरकारच्या सेवेतल्या अग्निशमन जवानांना साधारण ५७ व्या वर्षी थांबावंच लागतं. वय वाढवायचंच तर दरवर्षी हृदयतपासणी हवी आणि त्यात नापास होणाऱ्याला पगार न कापता बैठं काम मिळायला हवं. नाहीतर तो छातीतली कळ लपवून शिडी चढत राहील.