विषय: सप्टेंबरपासून मुलगी निवासी शाळेत सिक्स्थ फॉर्मला – तयारीविषयी विचारणा

प्रेषक: एक सभासद, रेडिंग (इंग्लंड)

मंडळातील सर्व स्नेह्यांना सप्रेम नमस्कार.

आमच्या धाकट्या मुलीला येत्या सप्टेंबरपासून ससेक्समधील एका निवासी शाळेत सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसाठी, प्रवेश मिळाला आहे. शिष्यवृत्ती आणि बर्सरी (घरच्या उत्पन्नानुसार मिळणारी सवलत) मिळून फीचा मोठा भाग भागतो. एरवी या वाटेला आम्ही गेलोच नसतो. प्रवेश अर्थातच जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या दहावीसारख्या परीक्षेच्या, निकालावर अवलंबून आहे, पण परीक्षा तिच्या मते बऱ्या गेल्या आहेत आणि निकालाची वाट पाहत हातावर हात ठेवून बसणे मला जमणारे नाही. ती आजवर घरापासून चालत बारा मिनिटांवर असलेल्या सरकारी शाळेत शिकली आहे आणि शाळेच्या सहलीच्या चार रात्री सोडल्या तर आमच्यावाचून कुठे राहिलेली नाही.

शाळेकडून अकरा पानांची यादी आली आहे. प्रत्येक कपड्यावर, मोज्यांच्या प्रत्येक जोडीवर आणि टॉवेलांवरही नावाची पट्टी हवी आहे, आणि आमचे आडनाव त्या पट्टीवर मावत नाही. या पट्ट्या इस्त्रीने चिकटवाव्यात की शिवाव्यात, शाकाहारी मुलीच्या जेवणाचे काय करावे, घरची औषधे आणि खाऊ किती द्यावा, यांबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे अशी विनंती आहे. गणपती यंदा सप्टेंबरच्या मध्यावर आहेत. तेव्हा तिला दोन दिवस घरी आणता येईल का, हाही एक प्रश्न आहे. तिला वैद्यकीय शिक्षण घ्यायचे असल्याने केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि मॅथ्स हे तीन विषय तिने निवडले आहेत.

आपली नम्र.

प्रेषक: एक निवृत्त शिक्षिका, लेस्टर

ताई, स. न. वि. वि.

मी या देशात एकोणीस वर्षे केमिस्ट्री शिकवली, त्यांपैकी शेवटची अकरा निवासी शाळेत, आणि तिथे मुलींच्या हाउसमध्ये, म्हणजे वसतिगृहात, आठवड्यातून एक रात्र माझी ड्यूटी असे. पट्ट्यांचे आधी सांगते, कारण ते सर्वांत सोपे आहे: शिवा. शाळेच्या धुलाईयंत्रांत शंभर मुलींचे कपडे ज्या तापमानाला उकळून निघतात, तिथे चिकटवलेली पट्टी दिवाळीपर्यंत टिकत नाही. आडनाव मावत नसेल तर आद्याक्षरे आणि हाउसने दिलेला क्रमांक पुरतो. हाउसची व्यवस्था पाहणाऱ्या मेट्रनला विचारून घ्या.

आता तुम्ही जे विचारले नाही, ते थोडे विस्ताराने लिहिते. सिक्स्थ फॉर्म दोन वर्षांचा असतो असे आपण म्हणतो, पण वैद्यकीय शाखेसाठीचा यूकॅसचा (विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेचा) अर्ज, ऑक्सफर्ड आणि केंब्रिजप्रमाणेच, दुसऱ्या वर्षाच्या 15 ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो. म्हणजे पहिल्या दिवसापासून मोजल्यास हाती तेरा महिने उरतात, आणि निवासी शाळांच्या लांबलचक सुट्ट्या वजा केल्या तर प्रत्यक्ष शिकण्याचे जेमतेम चाळीस आठवडे. अर्जासोबत जे अपेक्षित गुण जातात, ते बहुतेक ठिकाणी लोअर सिक्स्थच्या, म्हणजे पहिल्या वर्षाच्या, शेवटी होणाऱ्या शालेय परीक्षेवरून ठरतात, आणि शिफारसपत्र लिहिणारे शिक्षक तिला त्या वेळी एक वर्षही पुरते ओळखत नसतात. यूकॅट ही प्रवेशपरीक्षा मधल्या उन्हाळ्यातच द्यायची असते. जी मुले त्याच शाळेत अकराव्या किंवा तेराव्या वर्षापासून आहेत, त्यांना शिक्षक आधीच ओळखतात. तुमच्या मुलीची ओळख मात्र शून्यापासून व्हायची आहे. त्यामुळे «पहिले वर्ष रुळण्यात गेले तरी चालेल» हे आपले नेहमीचे समाधान इथे लागू पडत नाही, आणि म्हणूनच खरी तयारी बॅगेची नसून या सहा-सात आठवड्यांच्या मोकळ्या उन्हाळ्याची आहे.

तिने जीसीएसईला कम्बाइन्ड सायन्स घेतले होते की तिन्ही शास्त्रे वेगवेगळी, हे तुम्ही लिहिलेले नाही. कम्बाइन्ड असेल तर टायट्रेशनची गणिते बहुधा तिने केलेलीच नसतील, आणि वर्गातल्या निम्म्या मुली ती डोळे मिटून करतील. त्यात तिची हुशारी कमी पडत नाही, फक्त पाने वगळली गेलेली असतात. ती ऑगस्टमध्ये भरून काढावीत. नव्या शाळेचे परीक्षा मंडळ कोणते आहे, एक्यूए की ओसीआर की आणखी कोणते, हे शाळेला विचारा आणि त्या मंडळाचा अभ्यासक्रम संकेतस्थळावरून उतरवून घ्या. रोज तीन उदाहरणे: एक मोल संकल्पनेचे, एक समीकरण संतुलित करण्याचे, एक सूत्रातील पद बाजूला काढून एककांसह उत्तर लिहिण्याचे. एवढे पुरे आहे. पुढचे पुस्तक आधीच संपवण्याच्या भानगडीत पडू नये. अर्धवट समजलेला धडा वर्गात दुसऱ्यांदा ऐकताना लक्ष लागत नाही, हे मी पुष्कळ मुलांत पाहिले आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. एका वर्षी सरकारी शाळेतून आलेली एक मुलगी माझ्या वर्गात होती. ऑक्टोबरमध्ये सलग तीन दिवस मी तिला स्टाफरूमच्या दाराशेजारच्या फळ्यापुढे, फाइल छातीशी धरून, हॉकीच्या संघाची यादी वाचताना पाहिले. हॉकीत तिला काडीचाही रस नव्हता. तिला दार वाजवून शंका विचारायची होती, आणि तिच्या आधीच्या शाळेत स्टाफरूमच्या दारावर टकटक करणे म्हणजे आगाऊपणा समजला जाई. निवासी शाळेत फीच्या मोबदल्यात जे काही मिळते, त्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे संध्याकाळी, प्रेपच्या म्हणजे गृहपाठाच्या वेळेला, शिक्षक त्याच आवारात असतात. पण हाक मारल्याशिवाय ते येत नाहीत. विचारायला न लाजणे ही सवय आहे आणि ती घरीच लावता येते. शाळेला जाणारी पुढची ईमेल तिला लिहू द्या, डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन तिला करू द्या, आणि ती अडखळली तरी शेजारून वाक्य पुरवू नका.

आरोग्याचे थोडक्यात: पूर्णवेळ निवासी मुलांची नोंदणी बहुधा शाळेच्या डॉक्टरांकडे होते आणि सुट्टीत घरी आल्यावर जुन्या दवाखान्यात तात्पुरते रुग्ण म्हणून दाखवता येते. मेनएसीडब्ल्यूवाय ही मेंदुज्वराची लस नववी-दहावीच्या वर्षांत शाळेत देतात. ती झाली आहे का, हे नोंदीवरून तपासा, आठवणीवर विसंबू नका. घरची औषधे मेट्रनच्या ताब्यात द्यावी लागतात. सितोपलादी चूर्ण जॅमच्या जुन्या बाटलीत, लेबलाविना पाठवलेल्या एका आईचे आम्हाला दोन वेळा स्पष्टीकरण मागवावे लागले होते, तेव्हा जे द्याल ते मूळ वेष्टनात द्या. शाळेबाहेरची एक स्वतंत्र व्यक्ती मुलांना थेट संपर्क करता यावा म्हणून नेमलेली असते. तिचा क्रमांक हाउसमध्ये लावलेला असतो, तो मुलीने पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या फोनमध्ये घालावा.

कळावे.

प्रेषक: एक पालक, मिल्टन कीन्स

नमस्कार.

बाईंनी अभ्यासाचे सांगितले आहे, मी हिशेबाचे सांगतो. 1 जानेवारी 2025 पासून खासगी शाळांच्या फीवर 20 टक्के व्हॅट लागू आहे. तुम्हाला दिलेला आकडा व्हॅटसह आहे का आणि बर्सरीची टक्केवारी व्हॅट धरून आहे की वगळून, हे लेखी विचारून घ्यावे. त्यापलीकडे संगीताच्या शिकवण्या, सहली, परीक्षांची फी आणि सूट शिवून घेणे यांची बिले टर्मच्या शेवटी येतात, आणि ती बर्सरीत बहुधा धरलेली नसतात.

करारातील एक कलम आम्ही नीट वाचले नव्हते. आमचा मुलगा अशाच एका शाळेत गेला, त्याला तिथे अजिबात करमेना, आणि नोव्हेंबरमध्ये आम्ही त्याला घराजवळच्या कॉलेजात परत आणले. पूर्ण एका टर्मची आगाऊ सूचना न दिल्यामुळे पुढच्या टर्मची संपूर्ण फी आम्हाला भरावी लागली. शाळेची चूक नव्हती. कलम करारात होतेच, आणि असे कलम इथल्या खासगी शाळांमध्ये सर्रास असते. मी आजही त्याबद्दल चरफडतो, ही गोष्ट वेगळी. सही करण्यापूर्वी किंवा केली असल्यास आता तरी ते पान वाचा, आणि मुलीला करमले नाही तर कोणत्या तारखेपर्यंत कळवायचे ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. ती तारीख तिला सांगू नये, असे माझे मत आहे. आमच्या घरात या मुद्द्यावर आजही एकमत नाही.

आपला.

प्रेषक: एक तरुण सभासद, मँचेस्टर

काकू आणि बाई, दोघींना नमस्कार.

सात वर्षांपूर्वी मी अशाच एका शाळेत सोळाव्या वर्षी दाखल झालो, म्हणून मुलांच्या बाजूने थोडे लिहितो.

खाऊपासून सुरुवात करतो. दाण्याची चटणी, दाण्याचे लाडू आणि चिक्की पाठवू नका. बऱ्याच शाळांच्या आवारात शेंगदाणे आणि सुकामेव्याला बंदी असते, आणि माझा डबा पहिल्याच संध्याकाळी जप्त झाला होता. तीळही इथल्या चौदा ॲलर्जीकारक पदार्थांच्या यादीत आहे, त्यामुळे संक्रांतीच्या तिळगुळाचे आधी विचारून घ्या. मेतकूट मात्र माझ्या फार कामी आले: हाउसच्या छोट्या स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये भाताचे पाकीट गरम करायचे आणि त्यावर मेतकूट-तूप. बरणीवर घटक इंग्रजीत लिहून चिकटवावेत. खोलीत किटली किंवा राइस कुकर ठेवू देत नाहीत, आणि चार्जरसुद्धा तपासणी होऊन हिरवा शिक्का लागल्याशिवाय भिंतीला लावू देत नाहीत. शाकाहारी जेवण रोज असते. फक्त दुसऱ्या महिन्यापासून त्या मशरूमच्या लाझान्याचे तोंड पाहवत नाही.

माझी बहीण पुण्याजवळ मुळशीच्या महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेजात शिकली. तिथे दोन वर्षांचा आयबीचा (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट) अभ्यासक्रमच असल्याने दर वर्षीची संपूर्ण तुकडी एकाच दिवशी नवखी असते, कोणी कोणाला ओळखत नसते, आणि मैत्र्या पहिल्या रात्रीच जुळतात. इंग्लंडमधल्या नेहमीच्या निवासी शाळेत तसे होत नाही. तिथे साठ जण तीन ते पाच वर्षे एकत्र राहिलेले असतात, त्यांचे विनोद, टोपणनावे आणि भांडणे सगळी जुनी असतात, आणि आपण पंधरा-वीस जण मध्येच गाडीत चढलेले असतो. ते मुद्दाम दूर ठेवत नाहीत, पण जेवणाच्या टेबलावर आपल्याला निम्मे संभाषण कळत नाही. मी पहिले तीन आठवडे खोलीत बसून अभ्यास केला आणि त्याला शहाणपणा समजलो. पुढे नाटकाच्या प्रकाशयोजनेच्या गटात गेलो, कारण तिथे शिडी धरायला माणूस हवा होता, आणि ओळखी तिथेच झाल्या. मुलीने पहिल्या आठवड्यात एखादे असे काम पत्करावे, ज्यात हाताला काम असते आणि गप्पा आपोआप होतात.

गणपतीला घरी आणण्याचा आग्रह पहिल्या वर्षी धरू नये, असे मला वाटते. पुष्कळ शाळांत शनिवारी तास असतात आणि सुरुवातीचे एक-दोन शनिवार-रविवार कोणालाच बाहेर सोडत नाहीत. घरी जाण्याची पहिली संधी एक्झिअटला, म्हणजे घरी सोडण्याच्या ठरलेल्या शनिवार-रविवारी, मिळते, नाही तर थेट ऑक्टोबरच्या हाफ टर्मला, टर्मच्या मधल्या सुट्टीत. त्यातून ज्या शनिवारी सगळे हाउस एकत्र पिझ्झा मागवते, त्याच शनिवारी आपण नसलो तर ते भरून निघत नाही. मी पहिल्या वर्षी आरती फोनवर ऐकली. कपडे वाळवायच्या खोलीत उभा होतो, कारण रेंज तिथेच यायची. पाइपांवर सगळीकडे फुटबॉलचे मोजे. मोजे शोधायला आलेला एक मुलगा «घालीन लोटांगण» संपेपर्यंत दारात थांबला आणि मग विचारले, «झाले का? तो डावा माझा आहे.» पुढची दोन वर्षे तो माझा शेजारी होता.

फोनची वेळ ठरवून घ्या, पण रोजची नको. आई रोज नऊ वाजता फोन करी आणि नेमके तेव्हाच प्रेप संपून सगळे टोस्ट खायला जमत. मी तो टोस्ट पाऊण वर्ष चुकवला.

आपला.

प्रेषक: रेडिंगच्या सभासद

सर्वांचे मनःपूर्वक आभार.

मुलीने कम्बाइन्ड सायन्सच घेतले होते, आणि टायट्रेशनचे नाव काढताच तिचा चेहरा पडला, यावरून बाईंचा अंदाज बरोबर होता. नव्या शाळेला परीक्षा मंडळाबद्दलची ईमेल तिनेच लिहिली. मी फक्त वाचली, आणि एक स्वल्पविराम सुचवायचा मोह आवरला. विभागप्रमुखांचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. त्यांनी उन्हाळ्यासाठी सरावाच्या कागदांचा एक संच पाठवला आहे, जो म्हणे मागणाऱ्यांनाच पाठवतात.

दवाखान्यातही तिनेच फोन केला. पंचवीस मिनिटे रांगेत थांबल्यावर कळले की नववीत लसीकरणाच्या दिवशी ती तापाने घरी होती आणि मेनएसीडब्ल्यूवाय राहून गेली आहे. मी मात्र ती झाली आहे असे छातीठोकपणे सांगत होते. मंगळवारची वेळ मिळाली आहे.

मिल्टन कीन्सच्या दादांनी सांगितलेले कलम आम्ही काल रात्री वाचले. बर्सरीची टक्केवारी व्हॅटसह धरली आहे, हे शाळेने लेखी कळवले आहे. सूचनेची तारीख तिला सांगावी की नाही, यावर आमच्याकडेही एकमत नाही; ती तूर्त यजमानांच्या डायरीत आहे.

फोन बुधवारी आणि रविवारी, जेवणाआधी, असे तिने स्वतः ठरवले. दाण्याच्या चटणीच्या जागी कारळ्याची आणि जवसाची विचारून घेणार आहोत. पट्ट्या शिवायला घेतल्या आहेत. एकतीस झाल्या, मोजे अजून बाकी आहेत. रेडिंगच्या आसपास कोणाकडे शिलाई यंत्र आठवडाभरासाठी उसने मिळण्यासारखे असेल तर कृपया कळवावे, मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपली नम्र.