मदत हवी आहे: एका नोडचा (सर्व्हरचा) लन (नेटवर्कवरून वाटलेली डिस्क) रीसेट दुसऱ्या नोडच्या कमांड्सही मारतो, हे बरोबर आहे का?

नमस्कार मंडळी,

लिनक्सवर एलआयओ टार्गेट (डिस्क नेटवर्कवर देणारी कर्नलची सोय) आहे, मागे एमडी रेड-१० मध्ये (लिनक्सचं सॉफ्टवेअर रेड, डेटाची प्रत जोडीच्या डिस्कवर) साध्या डेस्कटॉप डिस्क. एकच लन दोन नोड आयस्कझीवरून (नेटवर्कवर डिस्क कमांड्स नेणारा प्रोटोकॉल) वापरतात, वर जीएफएस२ ही दोघांनी मिळून वापरायची फाइलसिस्टीम. रात्री बॅकअप सुरू झाला की 'अ' नोडची एखादी कमांड ३० सेकंदांत परत येत नाही. कर्नल आधी ॲबॉर्ट (ती एक कमांड रद्द करा) पाठवतो, त्याने भागलं नाही की लन रीसेट. त्याच क्षणी 'ब'च्या लॉगमध्ये 'पॉवर-ऑन ऑर डिव्हाइस रीसेट ऑकर्ड' उमटतं आणि त्याच्याही चालू कमांड्स टास्क ॲबॉर्टेड होऊन परततात.

लन रीसेटमध्ये सगळ्याच इनिशिएटरांची (कमांड पाठवणाऱ्या नोडची) कामं रद्द होतात, जुन्या पद्धतीची रिझर्व्ह (लनवरचा ताबा) सुटते, पर्सिस्टंट रिझर्व्हेशन टिकतं, हे वाचलंय. त्यामुळे फेन्सिंगची (बिघडलेल्या नोडला लनपासून तोडण्याची) चिंता नाही. खरी भीती वेगळी आहे. डिस्ककडे गेलेला राइट अजून अडकलेला असताना टार्गेटने 'रीसेट झाला' म्हटलं, 'अ'ने तोच ब्लॉक नव्याने लिहिला आणि मग जुना राइट वर येऊन बसला तर? डेटा गेलाच की! एलआयओ हे कसं सांभाळतं? आणि 'ब'ला यातून वाचवता येईल का? एम्युलेट_टास (रद्द कमांड्सना 'टास्क ॲबॉर्टेड' उत्तर देण्याचं एलआयओचं सेटिंग) शून्य करून बघू का?

प्रतिसाद:

टास शून्य अजिबात करू नका. मग 'ब'च्या रद्द झालेल्या कमांड्सना उत्तरच मिळणार नाही आणि तोही टाइमआउटपर्यंत ताटकळेल.

टार्गेट बरोबर वागतंय. खाली गेलेला राइट परत बोलावता येत नाही, म्हणून एलआयओ तो पुरा होईपर्यंत रीसेटचं उत्तर रोखून धरतं. तुमची भीती रास्त आहे, हे थांबणं त्यासाठीच असतं. मात्र ओपन-आयस्कझी (नोडवरचं आयस्कझी सॉफ्टवेअर) लन रीसेटसाठी डिफॉल्टने ३० सेकंदच थांबतो. डिस्क त्याहून जास्त अडकली तर शेवटी सेशन तुटून पुन्हा लॉगइन होतं. लॉगमध्ये तसं दिसतंय का?

माझा संशय डिस्कवर आहे. खराब सेक्टर आला की डेस्कटॉप डिस्क मिनिटभर किंवा जास्तही घुटमळू शकते. प्रत्येक डिस्कवर 'स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी' चालवा; खराब सेक्टरवर डिस्क किती वेळ झगडेल याची मर्यादा त्यात दिसते. डिसेबल्ड आलं तर ७०,७० (वाचन आणि लेखन, दशांश सेकंदांत) म्हणजे ७ सेकंद लावा. डिस्कने लवकर एरर दिली की एमडी जोडीच्या डिस्कवरून वाचून तो सेक्टर पुन्हा लिहितो, 'अ'पर्यंत काही पोचतच नाही. बऱ्याच डिस्कमध्ये वीज गेली की हे सेटिंग पुसतं, तेव्हा यूडेव्ह रूलमध्ये (डिस्क दिसली की आपोआप चालणारा नियम) घाला. डिस्कला ही सोयच नसेल तर टार्गेटवर तिचा टाइमआउट १८० सेकंद करा आणि दोन्ही नोडवर त्याहून जास्त ठेवा.

आउटपुट इथे टाका, पुढचं बघू.