मदत हवी आहे - ओन्येका ओन्वेनूची गाणी कुठून सुरू करू?

मंडळी, नायजेरियाच्या ओन्येका ओन्वेनूचं कोणी ऐकलंय का? गेले दोन आठवडे घरात तिचं 'वन लव्ह' (१९८६चं) लूपवर चालू आहे, ती हायलाइफची (पश्चिम आफ्रिकेतली नाचाची संगीतशैली) गिटार सुरू झाली की आई लसूण सोलता सोलता सुरीनेच ताल धरते, भाषा कळत नाही तरी! बाई पण काय जबरदस्त, मूळची इग्बो (नायजेरियातला एक मोठा समाज, भाषाही इग्बोच), अमेरिकेत वेलस्ली कॉलेजात शिकली, नायजेरियात परत जाऊन टीव्हीवर पत्रकार झाली, १९८४ ला देशाच्या तेलाचा पैसा कसा उधळला गेला यावर डॉक्युमेंटरी केली, आणि तिथलाच प्रसिद्ध गायक किंग सनी आडेबरोबर चक्क कुटुंब नियोजनावर गाणं म्हटलं (आपल्याकडे 'हम दो हमारे दो' भिंतीवर रंगवलेलं असायचं तेच, फक्त नाचायला लावणारं). जुलै २०२४ मध्ये लागोसला एका वाढदिवसाच्या पार्टीत गायली आणि त्याच रात्री गेली. वाचून कसंतरीच झालं.

तर आता मदत. आमच्या गाणी ऐकायच्या ग्रुपमध्ये मला तिच्यावर पंधरा मिनिटं बोलायचंय. तिच्या 'इयोगोगो' गाण्याचा अर्थ कोणी इग्बो येणाऱ्याकडून विचारून देईल का? लागोसला राहिलेलं कोणी आहे का इथे? आणि नेली उचेंडू या नायजेरियाच्याच गायिकेपासून सुरुवात करू की थेट हिच्यापासून? रविवारच्या आत सांगा प्लीज.