मदत हवी आहे: मोल्सवर्थ आडनाव मूळचं कुठलं? (तातडीचं)

विलास_नाशिक
नमस्कार मंडळी. मोल्सवर्थ हे आडनाव मूळचं कुठलं आणि हे लोक कुठे कुठे पसरलेत, हे कोणी खात्रीने सांगेल का? नातवाला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचाय, सोमवारी द्यायचाय. आमच्या बाजूचं त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या नामावळीतून काढून दिलं, फार त्रास पडला नाही. दुसऱ्या बाजूला गाडी अडली आहे. एका साइटला पैसे भरले तर तिने ढाल आणि शिरस्त्राणाचं रंगीत चित्र पाठवून दिलं, 'तुमचं कुलचिन्ह' म्हणून. १८८१ च्या जनगणनेवरून केलेला आडनावांचा नकाशाही पाहिला. त्यात ठिपके आहेत, पण आमचे लोक त्यात कुठेच बसत नाहीत. जाणकारांनीच लिहावे. 'गूगल करा' असे प्रतिसाद नकोत.

कोशवेडा
वा, मोल्सवर्थ! सकाळी सकाळी दिल खूश केलात. जेम्स थॉमस मोल्सवर्थ, जन्म १७९५, कंपनीच्या फौजेत पोरवयात आला आणि मराठीच्या नादी लागला. त्याच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१, जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंच्या मदतीने. दुसरी, वाढवलेली, १८५७. आज आपण ज्याला 'मोल्सवर्थ' म्हणतो तो हाच. पुढे बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप केला. माझ्याकडे १९७५ चं पुण्याचं पुनर्मुद्रण आहे, पुठ्ठा सुटलाय, पण दुसऱ्याला हात लावू देत नाही. शिकागो विद्यापीठाने अख्खा कोश जालावर शोधता येईल असा ठेवलाय, नातवाला जरूर दाखवा.

विलास_नाशिक
अहो, कोश माझ्याही घरात आहे. मी आडनाव विचारलंय.

सुलभा_ब्रिस्टल
विलासकाका, 'आमचे लोक' म्हणजे कोण ते आधी सांगा ना. आडनाव कोणाचं, त्या व्यक्तीचा जन्म कधीचा, कुठला, चर्च कुठलं? आणि स्पेलिंग लागेल. देवनागरीत सगळं सारखंच दिसतं. एम-ओ-एल-ई-एस की एम-ओ-यू-एल-डी-एस? दुसरं असेल तर चेशायरमध्ये मोल्ड्सवर्थ नावाचं वेगळंच गाव आहे, तिथे रेल्वे स्टेशनसुद्धा आहे. जुन्या नोंदी करणारा पाद्री कानाला येईल तसं लिहायचा, त्यामुळे ही दोन आडनावं एकमेकांत मिसळलेली सापडतात.

विलास_नाशिक
स्पेलिंग नेहमीचंच, कोशावर आहे तेच. सुनेच्या आजीचं माहेरचं आडनाव आहे. आजी इंग्लिश आहेत, आता नव्वदीच्या घरात. अजून काय सांगायचं? त्यांच्या घरात म्हणतात की कोशवाल्या मोल्सवर्थशी नातं आहे. म्हणून तर मला इतका उत्साह.

कोशवेडा
हे आधी नाही का सांगायचं!!

जिप्सी_केंब्रिज
माझ्या घरापासून गाडीने फार लांब नाही म्हणून लिहितो. मोल्सवर्थ हे गावच आहे. पूर्वी हंटिंग्डनशायरमध्ये होतं, १९७४ पासून केंब्रिजशायरमध्ये. १०८६ च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या गावा-जमिनींच्या नोंदवहीत, 'मोल्सवर्दे' असं येतं. 'वर्थ' म्हणजे कुंपण घातलेली वाडी, आणि आधी कोणा मूल नावाच्या सॅक्सन माणसाचं नाव. बटरवर्थ, बॉसवर्थ, वर्ड्सवर्थ ही सगळी याच पठडीतली.

आता गंमत बघा. गावावरून पडलेलं आडनाव त्या गावात शोधायला गेलात की हमखास निराशा होते. आपल्याकडे पंढरपुरात राहणाऱ्याला कोण पंढरपूरकर म्हणतं? तो गाव सोडून सोलापूरला आला की शेजारी म्हणणार. तसंच इथे. बारा-तेराव्या शतकात जे वाडी सोडून बाहेर पडले त्यांना हे नाव चिकटलं. गाव एवढुसं, बाहेर पडलेले थोडे, म्हणून आडनाव दुर्मीळ. तेव्हा काका, तुमचे लोक नकाशावर गावाजवळ नाहीत म्हणून घाबरू नका.

खवचट_खंडू
मोल्सवर्थ म्हटलं की आम्हाला क्रूझ क्षेपणास्त्रंच आठवतात. तिथे विमानतळ आहे, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बॉम्बर उडायचे. ऐंशीच्या दशकात तिथे क्षेपणास्त्रं आणायचं ठरलं तेव्हा शांततावाल्यांनी तंबू ठोकले. फेब्रुवारी १९८५ मध्ये रातोरात सैनिक घालून त्यांना उठवलं, आणि संरक्षणमंत्री हेसेल्टाइन साहेब अंगात लष्करी जाकीट चढवून पाहणीला हजर. सगळ्या पेपरांत फोटो. वंशवृक्षात हेही टाका.

रानभूल
जिप्सी, गाव ठीक आहे पण मोल्सवर्थांचं खरं घर कॉर्नवॉलमध्ये. आम्ही त्यांच्या पेन्कॅरोच्या वाड्यावर जाऊन आलोय, बॉडमिनजवळ. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात जॉन मोल्सवर्थ डची ऑफ कॉर्नवॉल या राजघराण्याच्या जहागिरीचा हिशेबतपासनीस म्हणून तिकडे गेला आणि तिथल्या हेंडर घराण्यात लग्न करून स्थायिक झाला. पुढे नातवाचं नावच हेंडर मोल्सवर्थ ठेवलं. तो जमैकाचा गव्हर्नर झाला, १६८९ मध्ये बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेचा 'सर' किताब. आजचे वारस मोल्सवर्थ-सेंट ऑबिन असं जोडआडनाव लावतात.

बाग मात्र बघण्यासारखी! चिलीहून आलेलं ते काटेरी मंकी पझल झाड आहे ना, त्याचं नाव याच बागेत पडलं म्हणतात. सर विल्यम मोल्सवर्थने ते लावलं, पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, यावर चढताना माकडसुद्धा कोड्यात पडेल. पानं हातात घेऊन पाहिली, सुरीच्या पात्यासारखी टोकदार, बोटाला ओरखडा निघाला.

जिप्सी_केंब्रिज
घर आणि मूळ यात फरक आहे. कॉर्नवॉलला गेले ते आमच्याच बाजूने गेले. बॅरोनेटांच्या जुन्या पुस्तकांत पहिला पुरुष म्हणून सर वॉल्टर द मोल्सवर्थ देतात, पहिल्या एडवर्डच्या काळातला. 'द मोल्सवर्थ' म्हणजे मोल्सवर्थचा. कॉर्निश आडनाव ट्रे-, पोल-, पेन- असं काहीतरी असतं.

रानभूल
चारशे वर्षं राहून कॉर्निश होत नाही का माणूस? मग कोकणस्थ पुण्याचे कधी होणार?

खवचट_खंडू
झाली सुरुवात. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

डीएनए_दादा
एवढी पानं कशाला घालवताय? आजींची थुंकी नळीत घ्या, किट पाठवा, दीड-दोन महिन्यांत सगळे मोल्सवर्थ चुलते समोर. मी स्वतः केलंय, कॅनडातला मावसभाऊ सापडला.

सुलभा_ब्रिस्टल
दादा, सोमवारी द्यायचंय म्हणाले ते. शिवाय आडनावाबरोबर बापाकडून मुलाकडे जातं ते वाय गुणसूत्र. आजींकडे ते नाहीच. त्यांचा भाऊ किंवा भावाचा मुलगा लागेल. आणि तुम्ही म्हणता त्या साध्या चाचणीत आठ पिढ्यांपलीकडच्या पूर्वजाचा अंशही उरला नसेल असं सहज होतं. मावसभाऊ सापडणं वेगळं.

डीएनए_दादा
कागद खोटे असू शकतात, रक्त नाही.

सुलभा_ब्रिस्टल
रक्त खोटं बोलत नाही, पण नावगावही सांगत नाही.

परदेशवारी
काका, महत्त्वाचं सांगतो. राष्ट्रकुलातल्या नागरिकाचे आजी-आजोबा ब्रिटनमध्ये जन्मले असतील तर अँसेस्ट्री व्हिसा मिळतो. आजीचा मूळ जन्मदाखला जपून ठेवा. तपशील हवे असतील तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

विलास_नाशिक
नातू नॉर्दॅम्प्टनला जन्मलाय, तिथलाच नागरिक आहे. त्याला कशाला व्हिसा? कोणीतरी नीट उत्तर द्या हो.

सूनबाईशी आत्ता फोनवर बोललो. आजी लिव्हरपूलला जन्मल्या. त्यांचे वडील तरुणपणी डब्लिनहून आले होते. प्रॉटेस्टंट. घरच्या बायबलच्या पहिल्या पानावर आजींच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव आहे, पुढे शाई उडालीय. पण मंडळी इंग्रजच, बोलणं-चालणं सगळं तसंच.

सुलभा_ब्रिस्टल
डब्लिन! काका, हे पहिल्या ओळीत असतं तर एवढा धागा लांबला नसता.

तुमच्या नकाशाचा घोळ इथेच आहे. १८८१ चे ते नकाशे इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडच्या जनगणनेवर केलेले असतात. आयर्लंड त्यात नाही. आयर्लंडची १८८१ ची मूळ पत्रकं उरलीच नाहीत, पहिल्या महायुद्धाच्या काळात ती रद्दीत गेली. त्याआधीचं बरंच काही १९२२ मध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या आवारातल्या आगीत जळालं. त्यामुळे तिकडच्या मोल्सवर्थांचा ठिपका पडणार कुठून?

तरी सगळं गेलेलं नाही. १९०१ आणि १९११ ची आयरिश जनगणना राष्ट्रीय अभिलेखागाराने फुकट जालावर ठेवलीय, कुटुंबप्रमुखाच्या हस्ताक्षरातली पत्रकं दिसतात. त्यात धर्माचा रकाना असतो, 'चर्च ऑफ आयर्लंड' (तिथलं प्रॉटेस्टंट चर्च) लिहिलेले मोल्सवर्थ डब्लिनमध्ये शोधा. नाव दुर्मीळ असण्याचा फायदा हाच, मर्फी असते तर जन्म गेला असता. आजींचे वडील १९११ मध्ये लहान मूल असतील, आईबापांबरोबर एकाच पत्रकात सापडायला हवेत. १९११ च्या पत्रकात लग्नाला किती वर्षं झाली तेही विचारलं होतं, म्हणजे लग्नाचं साल लागेल. त्यावरून लग्नाची नोंद काढा. आयर्लंडमध्ये कॅथलिकेतर लग्नं १८४५ पासून नोंदली जायची, बाकी सगळं १८६४ पासून. लग्नाच्या नोंदीत दोन्हीकडच्या बापांची नावं असतात, त्यातून एक पिढी वर चढता येते. आणखी मागे जायचं तर ग्रिफिथचं मूल्यांकन आहे, १८४७ ते १८६४ मधलं, घर-जमीन धरणाऱ्यांची यादी. जळालेल्या जनगणनेच्या जागी लोक तेच वापरतात, तुमचा आयर्लंडचा नकाशा त्यावरून होईल.

जिप्सी_केंब्रिज
+१. आणि आयरिश मोल्सवर्थ म्हणजे बडं प्रकरण. क्रॉमवेलच्या काळात एक रॉबर्ट मोल्सवर्थ डब्लिनमध्ये व्यापारात मोठा झाला. त्याच्या त्याच नावाच्या मुलाने डेन्मार्कच्या राज्यकारभारावर पुस्तक लिहून तिथल्या राजाला संताप आणला. तो मुलगा १७१६ मध्ये व्हायकाउंट, म्हणजे उमराव, झाला. डब्लिनला आजही मोल्सवर्थ स्ट्रीट आहे, तिच्या टोकाला आयरिश संसद.

खवचट_खंडू
त्याचाच मुलगा रिचर्ड. १७०६ मध्ये रामिलीच्या लढाईत सेनापती मार्लबरो घोड्यावरून पडला, तेव्हा याने आपला घोडा देऊन त्याला वाचवलं. पुढे तिसरा व्हायकाउंट. बघा, आम्हालाही कामाचं येतं.

विलास_नाशिक
म्हणजे सूनबाई सरदार घराण्यातली! आणि ते कुलचिन्हही खरं निघालं. चार्टवर छापतो.

सुलभा_ब्रिस्टल
थांबा थांबा. इंग्लंडात कुलचिन्ह आडनावाला नसतं, एका माणसाला दिलेलं असतं आणि त्याच्या सिद्ध वंशजांना चालतं. साइटवाले तेच विकून खातात. छापू नका. आणि डब्लिनचा प्रत्येक मोल्सवर्थ व्हायकाउंटचाच असंही नाही. नाव दुर्मीळ आहे म्हणून शक्यता वाढते, पण मधली एकेक पिढी जन्म-लग्नाच्या नोंदीने जोडल्याशिवाय रेघ ओढू नका. कोशकारांचंही तेच. ते १८७१ मध्ये आमच्या ब्रिस्टलच्या क्लिफ्टनमध्ये वारले, पण आजींचा त्यांच्याशी धागा लागायला आधी १९११ पासून मागे जायला हवं. शाळेच्या तक्त्यावर आजी, त्यांचे वडील आणि बायबलमधले आजोबा एवढं पक्कं लिहा. वर तुटक रेघ काढून 'घरात असं सांगतात' लिहू द्या पोराला.

कोशवेडा
तुटक रेघेवर कोशकारांचा फोटो लावा ना!

विलास_नाशिक
१९११ मध्ये सापडले. डब्लिन, वडील कारकून, पाच मुलं, त्यातला तिसरा म्हणजे आमच्या आजींचे वडील. बायबलमधल्या आजोबांचं नावही जुळतंय. धर्माच्या रकान्यात चर्च ऑफ आयर्लंड. सूनबाईने आजींना पत्रक मोठं करून दाखवलं तर त्यांनी सही ओळखली म्हणे, जुन्या पत्रांवर तीच आहे. सुलभाताई, आभारी आहे. लग्नाची नोंद आता शोधतोय, सोमवारनंतर का होईना. नातवाला मात्र मंकी पझलचं झाड काढायचंय, मी नको म्हटलंय.

रानभूल
काढू द्या हो! आणि न्यूझीलंड राहिलं. वेलिंग्टनला संसदेसमोरच्या रस्त्याचं नाव मोल्सवर्थ स्ट्रीट, त्याच पेन्कॅरोच्या सर विल्यमवरून. तिकडचं सर्वांत मोठं गुरांचं फार्मसुद्धा मोल्सवर्थ.

जिप्सी_केंब्रिज
जगाच्या नकाशावर शोध घेतलात की ही रस्त्यांची आणि फार्मची नावंच आधी येतात, माणसं मागे राहतात. काका, गाळणी लावून शोधा.

डीएनए_दादा
तरी एकदा आजींच्या भाच्याला विचारून बघा. किटवर सध्या सवलत आहे.

नवीन_सदस्य_४४
अवांतराबद्दल क्षमस्व. कोशातले ते मेजर कँडी आणि मुंबईचं ब्रीच कँडी यांचा काही संबंध आहे का? उद्यापर्यंत कळलं तर बरं.

सुलभा_ब्रिस्टल
वेगळा धागा काढा. आणि कशासाठी हवंय ते पहिल्याच ओळीत लिहा.