पहिल्यांदा ‘साहेब’ झालात तेव्हाचे दिवस: तुमचे अनुभव लिहा

निंबोणी

काल संध्याकाळी दारात आमच्या बँकेच्या जुन्या शाखेतले शिपाईमामा उभे. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला जालन्याहून एसटीने संभाजीनगरला आले होते, हातात मोसंबीची पिशवी. चहा पिता पिता म्हणाले, “मॅडम, नवीन आलात तेव्हा किती राबायच्या हो तुम्ही! आम्हाला कशाला हातच लावू द्यायच्या नाहीत.” मामांनी कौतुकानं म्हटलं. मला मात्र रात्री उशिरापर्यंत झोप लागली नाही.

जुलै 2016. पहिल्यांदाच शाखाधिकारी झाले होते. पाच माणसांची शाखा: हेड कॅशिअर, एक क्लार्क, एक कृषी अधिकारी, मामा आणि मी. काम चांगलं म्हणून मला शाखा दिली, आणि मी तेच जुनं काम करत राहिले. काउंटरवर गर्दी दिसली की केबिन सोडून मी काउंटरवर. व्हाउचर मीच तपासायची, मीच पास करायची, क्लार्कनं टाकलेली एंट्री परत उघडून बघायची. दोन महिन्यांत अशी गत झाली की साधं पासबुक छापायचं असलं तरी लोक विचारायला माझ्याकडे. रात्री साडेनऊला घरी. आणि मनात एकच, ही माणसं काही करतच नाहीत.

एके दिवशी एक शेतकरी पीककर्जाचं नूतनीकरण करायला आले. प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याची सुरळी. तासभर केबिनमध्ये रिकाम्या खुर्चीसमोर बसले आणि उठून गेले. मी काउंटरवर नोटा मोजत होते. आमचे कॅशिअर माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. हळूच म्हणाले, “मॅडम, काउंटर मी बघतो. तुमच्या केबिनमध्ये बसलेला माणूस मला नाही बघता येत.”

मग नोव्हेंबर आला. 8 च्या रात्री नोटाबंदीची घोषणा, 9 ला बँका बंद, 10 ला शटर उघडायच्या आधीच रांग पार हनुमानाच्या देवळापर्यंत. त्या दिवशी मी एकही नोट मोजली नाही. दारात उभी राहिले. माणशी 4,000 बदलून द्यायचे, मग 4,500 झाले, 18 तारखेपासून 2,000. नियम दर दोन दिवसांनी फिरायचा आणि तो रांगेला सांगणं हे माझं काम होतं. म्हातारी माणसं उन्हात उभी बघून मामांनी त्यांना चपला रांगेत ठेवायला लावल्या आणि स्वतः लिंबाखाली बसवलं. दिवसभर रांगेत चपला सरकत होत्या. मला हे सात जन्मात सुचलं नसतं. मामा त्या गावचे, त्यांना सुचलं.

तिसऱ्या रात्री कॅश 5,500 नं कमी आली. अकरा वाजले तरी ताळा लागेना. ताळा लागल्याशिवाय तिजोरी बंद होत नाही, आणि तिच्या दोन किल्ल्या दोघांकडे, म्हणजे घरी कोणीच जाऊ शकत नाही. नियमानं तूट कॅशिअरनं भरायची. मी मोजायला हात पुढे केला आणि मागे घेतला. विचारलं, “दुपारी जेवलात का?” नव्हते जेवले. दोन दिवस जेवले नव्हते. तूट आम्ही पाच जणांनी मिळून भरली. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाचं काउंटर पाळीपाळीनं अर्धा तास बंद ठेवलं. रांगेच्या शिव्या मी खाल्ल्या, त्या माझ्याच वाट्याच्या होत्या. पुढे डिसेंबर संपेपर्यंत कॅश एकदाही कमी आली नाही.

तुमचं सांगा. कारखाना, दवाखाना, शाळा, कुठलंही चालेल.

चाकणवाला

ताई, केबिनमधल्या शेतकऱ्यापाशी थांबलो. सेम टू सेम.

प्रेस शॉप. सात वर्षं ऑपरेटर, मग सुपरवायझर. ज्यांच्या डब्यातली भाजी खाल्ली त्यांचीच हजेरी घ्यायची. डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बसली नाही की मी पाना घेऊन आत, मला ते येत होतं ना. एकदा पहिल्या पाळीला मशीन बंद पडलं. मी पाऊण तास खाली वाकून शिमच्या पातळ पट्ट्या घालतोय, आणि पलीकडच्या मशीनवर कडेला धारदार बर आलेले पीस बिनमध्ये पडतायत. चारशेच्या वर गेले. कोणाचं लक्ष नाही, कारण लक्ष ठेवायला मला नेमलेलं. आमचे फोरमन आले, बिनमधला एक पीस उचलून माझ्या हातात दिला. बोटाला बर लागली, रक्त आलं. म्हणाले, “तुझ्या हातात पाना आला की शॉपचे डोळे मिटतात.”

पुढच्या वेळी डाय बसवायचं काम सेटरला करू दिलं. मी पाऊण तासात केलं असतं, त्याला सव्वा तास लागला. शेजारी नुसतं उभं राहणं लई अवघड. चौथ्या खेपेला त्यानं 25 मिनिटांत बसवली, आता त्याच्यासारखा सेटर शॉपमध्ये नाही.

एक गोष्ट मात्र कोणी आधी सांगत नाही. जेवायला मी त्याच टेबलावर बसत राहिलो, पण मी गेलो की गप्पा बंद व्हायच्या. चारपाच महिने तसंच. लई एकटं वाटायचं तेव्हा.

रानजाई

वाचतेय. कुकर लावलाय, येते लिहायला.

पैठणकर

जालन्याची मोसंबी घरपोच! आंबे बहाराची का हो?

निंबोणी

हो, आंबे बहाराचीच. मामांच्या स्वतःच्या बागेतली, चाळीस झाडं आहेत. लग्न तुळशीच्या लग्नानंतरचं आहे.

@चाकणवाला, गप्पा बंद होतात त्याबद्दल बरं झालं लिहिलंत. मला वाटायचं बाई म्हणून माझ्याच बाबतीत झालं.

रात्रपाळी

नाइटला आहे, चहा होईपर्यंत लिहिते.

2018 ला इनचार्ज सिस्टर झाले, मेडिकल वॉर्ड. गौरी-गणपतीची ड्युटी लावायची म्हणजे काय ते नर्सलाच कळेल. कोणाच्या उभ्याच्या गौरी, कोणाच्या खड्याच्या, कोणाकडे दीड दिवस, कोणाकडे अनंत चतुर्दशी. पहिल्या वर्षी मी घरी वही घेऊन बसले, सगळ्यांना अगदी बरोबर वाटून दिलं. माझ्या मते बरोबर. तक्ता लागला आणि दोघी रडल्या, त्यातली एक तर दोन महिने माझ्याशी बोलत नव्हती. तिच्या सासूचं ते वर्षश्राद्धाचं वर्ष होतं. मी विचारलंच नव्हतं.

2019 ला कोरा तक्ता चहाच्या खोलीत लावला. वर फक्त अटी लिहिल्या: रात्री दोघी पाहिजेतच, नाइटनंतर ऑफ पाहिजेच, नवीन मुलगी एकटी नको. आणि गौरीपूजनाच्या नाइटला माझं नाव मी आधीच लिहून टाकलं. चार दिवसांत तक्ता भरला. दोघींनी तर आपापसात ठरवून एकमेकींचे दिवस बदलले, मला नंतर कळलं.

पुढच्याच वर्षी कोविड. ह्याच मुली पीपीई घालून सहा सहा तास पाण्याचा थेंब न घेता उभ्या राहिल्या. ड्युटी लावताना मला एकदाही आवाज चढवावा लागला नाही. आठवलं की अजून भरून येतं.

बेल वाजली. जाते.

पैठणकर

सिस्टर, दंडवत तुम्हाला. माझी आई तेव्हा पंधरा दिवस वॉर्डात होती, आम्हाला आत सोडत नव्हते. रोज संध्याकाळी एक सिस्टर फोन लावून तिचा चेहरा दाखवायच्या. त्यांचं नावही विचारायचं राहिलं.

तेरडा

गौरी वाचून राहवेना. आमच्याकडे कोकणात तेरड्याच्या गौरी. आई पाणवठ्यावरून वाजतगाजत आणायची. मॅनेजर कधी झालो नाही, नुसता वाचायला बसलोय.

रात्रपाळी

@तेरडा, आमच्या वॉर्डात मालवणची एक आहे, तिच्याकडेही तेरडाच. 

हिंजवडी_मार्गे

बसमध्ये टाइप करतोय, चुका सांभाळून घ्या.

टीम लीड झालो तेव्हा पाच पोरं हाताखाली. त्यांनी दिवसभर लिहिलेला कोड मी रात्री बसून परत लिहायचो. सकाळी त्यांना त्यांचं काम ओळखू यायचं नाही. मला वाटायचं मी त्यांना वाचवतोय. वर एकदा एका मुलीची चूक सगळ्यांना सीसी ठेवून मेलवर दाखवली. तिनं उत्तर दिलं नाही, तीन आठवड्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी म्हणाली, “दादा, इथं माझं काय शिल्लक राहतं तेच कळत नाही.”

तिची माफी मागायला मला एक वर्ष लागलं. फोन केला, नीट बोलली. तो फोन केला नसता तर आज हे लिहूही शकलो नसतो.

त्याच सुमारास गूगलच्या ‘प्रोजेक्ट ऑक्सिजन’बद्दल वाचलं. त्यांनी आपल्याच लोकांची मूल्यमापनं आणि अभिप्राय चाळून चांगल्या मॅनेजरच्या आठ सवयी काढल्या होत्या. पहिली, माणसाला शिकवणं. तांत्रिक कौशल्य आठवं, सगळ्यात शेवटी. मी नेमका आठव्याच्या जोरावर लीड झालो होतो. तेव्हापासून ठरवलं, चूक दिसली की कीबोर्डला हात लावायचा नाही, त्याच्या शेजारी खुर्ची ओढून विचारायचं, “हे असं का केलंस?” निम्म्या वेळा त्याचं कारण माझ्यापेक्षा बरोबर निघतं.

वाकड आलं, ट्रॅफिक. आता अजून एक धागा वाचून होईल.

रानजाई

आले. वरणभात झाला, पोरं जेवतायत.

आमच्या बचत गटाची मी अध्यक्ष झाले तेव्हा बारा बायका. महिना शंभर रुपये. पंचसूत्री तर प्रशिक्षणात पाठच करून घेतात: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड, हिशेब लिहिणं. लिहायला सोपं आहे. पहिलाच हप्ता थकला तो माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. एका घरात राहतो, चूल फक्त वेगळी. बैठकीत सगळ्या माझ्याकडे बघतायत. मी आदल्या रात्री त्यांना खोलीत बोलावून एकटीला विचारू शकले असते. विचारलं नाही, भीड पडली. बैठकीत मी त्यांचं नाव गाळून पुढचं वाचलं. पुढच्या महिन्यात चौघींनी हप्ता आणला नाही.

मग गेले जाऊबाईंकडे. भाकरी थापत होत्या. मी पाटावर बसले आणि म्हटलं, “ताई, गट मोडला तर माझ्यामुळं मोडेल, तुमच्यामुळं नाही.” त्या काहीच बोलल्या नाहीत. दोन भाकऱ्या झाल्यावर डाळीच्या डब्यातून पैसे काढून दिले. म्हणाल्या, “माझं नाव बैठकीत मोठ्यानं वाच, भरले म्हणून.” वाचलं. आज जाऊबाईच गटाचा हिशेब लिहितात, सात वर्षं झाली. एका पैशाची चूक नाही.

चाकणवाला

रानजाईताई, डाळीचा डबा! आमच्या आईचाही तोच बँक होता.

निंबोणी

रानजाई, गटाच्या खात्यांचं काम मी वर्षानुवर्षं केलं. पण त्या वहीमागं हे सगळं असतं ते कधी डोळ्यांसमोर आलं नव्हतं.

खडूफळा

जि.प. शाळा, दोनशिक्षकी. दुसरे गुरुजी माझ्याहून ज्येष्ठ, पण त्यांनी लिहून दिलं की मुख्याध्यापकाचा प्रभार नको, म्हणून माझ्याकडे आला. पोषण आहाराचा पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, साठा नोंदवही, ऑनलाइन माहिती, सगळं मी एकटाच ओढायचो. वर्गाला वेळ उरेना. शेवटी एका शनिवारी गुरुजींना सरळ विचारलं, मला यातलं काय जमत नाही असं तुम्हाला वाटतं? ते म्हणाले, “तुला मागता येत नाही.” सोमवारपासून पोषण आहाराची वही त्यांनी स्वतःहून घेतली. वर्षभर त्यांना प्रभार नको होता, काम नको नव्हतं.

स्टुटगार्टकर

रविवारी टीमला मेल टाकली होती. सोमवारी जर्मन सहकारी शांतपणे म्हणाला, रविवारी मी मुलीबरोबर असतो, तुलाही मुलगी आहे ना? त्या दिवसापासून रविवारी लॅपटॉप बंद. कधीतरी पूर्ण लिहीन, इथं रात्र झाली.

कोरी_पाटी

खूप दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. सोमवारपासून मी स्टोअरची इनचार्ज. हाताखाली सहा जण, त्यातले दोन काका माझ्या बाबांच्या वयाचे. काका म्हणू की आडनावानं हाक मारू? पोटात गोळा आलाय.

खडूफळा

काकाच म्हणा. त्यांना अरेतुरे करायची वेळ तुमच्यावर येणार नाही, आणि काका म्हटल्यानं काम सांगायचं अडत नाही.

चाकणवाला

ताई, पहिल्या दिवशी दोन्ही काकांना घेऊन सगळे रॅक फिरा. कुठला माल कुठं का ठेवलाय ते त्यांना सांगू द्या. वही बरोबर ठेवा, लिहून घ्या. लगेच काही हलवू नका. माझ्या जागी आलेल्या नव्या साहेबानं पहिल्याच दिवशी बिनच्या जागा बदलल्या, लोकं महिनाभर जुन्याच जागी हात घालत होती.

रात्रपाळी

कोरी_पाटी, त्यांच्या घरी काय चाललंय तेही हळूहळू विचारा. मी विचारलं नव्हतं म्हणून सांगते. 

कोरी_पाटी

वही आजच आणते. सगळ्यांचे खूप आभार, आता जरा धीर आला.

निंबोणी

कोरी_पाटी, सोमवारी रात्री इथं लिही कसा गेला दिवस. आम्ही वाट बघू.

आणि मामांच्या घरच्या लग्नाला मी नक्की जाणार. आत्ताच कॅशिअरसाहेबांना फोन केला, ते निवृत्त होऊन परभणीला असतात. पत्रिका त्यांनाही पोचलीय. म्हणाले, “मॅडम, आहेराचं पाकीट आपण पाच जणांचं एकच करू, त्या रात्रीसारखं.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण या वेळी मोजणार मी.”